दुष्काळ कितव्या पानावर सुरू होतो?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी कला शाखेच्या तृतीय वर्षाला आहे, विशेष विषय मराठी. कर्वेनगरला मुलींच्या वसतिगृहात राहते. आम्हाला एका कादंबरीतल्या एका आशयसूत्रावर दोन हजार शब्दांचा निबंध लिहायचा आहे. मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेतली, कारण माझं गाव माण तालुक्यात आहे आणि आमच्या घरी अजून मेंढरं आहेत. विषय ठरवला ‘बनगरवाडीतील दुष्काळ’. कादंबरी दोनदा वाचली, चौदा पानं टिपणं काढली. आराखडा असा केला : लेखकाचा परिचय, कथानक, पात्रे, दुष्काळाचे चित्रण, भाषाशैली, समारोप. सरांनी तो परत दिला आणि वर लिहिलं, ‘हा निबंध नाही, ही माहिती आहे.’ आता नेमकं काय बदलू तेच कळत नाही. दुसरं म्हणजे, मी स्वतः दुष्काळ पाहिला आहे. मी लहान असताना आमची गुरं छावणीत होती आणि वडील रात्री तिथेच झोपायचे. आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती. हे निबंधात आणलं तर चालेल का, की घरचं म्हणून बाहेरच ठेवायचं? आमच्याकडे असं कुणी गाव सोडून गेलं की ‘जगायला गेले’ म्हणतात. तीन आठवडे उरलेत.

— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू शेवटी, तीन आठवड्यांच्या काळजीला खेटून लिहिलं आहेस. त्याच्याकडे मी येणारच आहे. आधी सरांच्या शेऱ्याचं बघू.

तुझा आराखडा समोर घे. त्यातलं ‘बनगरवाडी’ हे नाव खोड आणि तिथे दुसऱ्या कुठल्याही कादंबरीचं नाव घाल. दुष्काळाच्या जागी प्रेम घाल, युद्ध घाल. एकही मथळा हलवावा लागत नाही. लेखकाचा परिचय, कथानक, पात्रे, भाषाशैली हे कप्पे कुठल्याही पुस्तकाला बसतात. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या मार्गदर्शिका याच कप्प्यांवर उभ्या असतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांचा उपयोगही होतो. पण निबंधाचा आराखडा त्या एकाच कादंबरीच्या अंगावर बेतलेला हवा, दुसरीला घातला तर खांद्यात घट्ट व्हायला हवा. सरांना हेच म्हणायचं असणार.

आता एक साधी गोष्ट कर. पुस्तक हातात घे आणि पाऊस जिथे दगा देतो, तिथे बोट घाल. मग पुस्तक मिटून बोटाच्या दोन्ही बाजू बघ. बोटाच्या आधीची पानं कितीतरी जास्त आहेत. तरुण मास्तर पहाटेच्या अंधारात चालत वाडीकडे निघतो इथपासून, पोरं शाळेत येत नाहीत, ती मेंढरांमागे असतात, कारभारी हळूहळू मास्तरच्या बाजूला येतो, लोक आपल्या अडचणी घेऊन त्याच्याकडे येऊ लागतात, तालीम बांधली जाते, इथपर्यंत दुष्काळ आलेलाच नाही. म्हणजे ‘बनगरवाडीतील दुष्काळ’ हा विषय घेतलास, तर बोटाच्या अलीकडच्या एवढ्या पानांचं करायचं काय? ‘कथानक’ नावाच्या कप्प्यात ती कोंबायची, एवढाच मार्ग उरतो. तुझा आराखडा तसा झाला, कारण निवडलेला विषय कादंबरीच्या शेवटच्या भागालाच पुरतो.

दुष्काळ ही या कादंबरीतली घटना आहे, फार मोठी घटना आहे. पण आशयसूत्र म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जो धागा ओढला तर सगळं कापड हलतं, तो. तुला तो धागा शोधायचा आहे आणि मग त्याबद्दल एक विधान करायचं आहे. धागा एका शब्दात सांगता येईल, विधानाला मात्र पूर्ण वाक्य लागतं.

हे मला कोणी शिकवलं ते सांगते. एम. ए.ला असताना मी एका कादंबरीवर निबंध लिहिला होता, त्याला मथळा दिला होता फक्त ‘एकाकीपणा’. वीस पानं होती, अक्षर सुरेख होतं. आमच्या सरांनी पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलीनं तीन बारीक प्रश्न लिहून तो परत दिला : कुणाचा? कशामुळे? बरं मग? बाकी एकोणीस पानांवर एक खूणही नव्हती. मला रडू आलं होतं. सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीच्या जिन्यात बसून मी ते तीन प्रश्न परत परत वाचले, आणि कळलं की वीस पानांत मी पहिल्या प्रश्नाचंही उत्तर दिलेलं नाही. नंतर चौतीस वर्षं शिकवताना मी मुलांच्या वह्यांवर तेच तीन प्रश्न लिहीत आले. तुझ्या विषयालाही लावून बघ. दुष्काळ, कुणाचा? धनगरांचा की मास्तरचाही? कशामुळे, याचं उत्तर पाऊस नाही म्हणून, आणि तिथे बोलणंच संपतं, कारण पावसाशी वाद घालता येत नाही. बरं मग? इथे तुझी चौदा पानं गप्प बसतात.

आता टिपणांकडे ये. चौदा पानं सलग वहीत असतील तर ती तू वाचलेल्या क्रमातच अडकलेली आहेत. ती सुटी कर. माझी पद्धत लग्नपत्रिकांची आहे. घरी आलेल्या पत्रिका मी टाकत नाही. त्यांची कोरी बाजू कापून पोस्टकार्डाएवढ्या पट्ट्या करते. एका पट्टीवर एकच गोष्ट : काय घडतं ते एका ओळीत आणि खाली पृष्ठ क्रमांक. मत लिहायचं नाही, फक्त घडलेलं. आवृत्ती एकच वापर आणि ती कोणती ते पहिल्या पट्टीवर लिहून ठेव, नाहीतर शेवटच्या दिवशी वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या पुस्तकातले आकडे आणि तुझ्या पुस्तकातले आकडे यांचा मेळ बसवण्यात रात्र जाते. तीस-चाळीस पट्ट्या झाल्या की जमिनीवर मांड. पंखा बंद कर.

मग कादंबरीचा क्रम विसरून, कुठली पट्टी कुठल्या पट्टीशेजारी जाऊ पाहते ते बघ. मी कालच दुपारी ही कादंबरी काढून तुझ्यासाठी हा खेळ करून बघितला. माझ्या जमिनीवर दोन ढीग आपोआप झाले. एका ढिगात एका जागी राहणाऱ्या गोष्टी : शाळा, हजेरीपट, तालीम, तिच्या भिंती. दुसऱ्यात चालणाऱ्या गोष्टी : मेंढरं, त्यांच्यामागची पोरं, सुरुवातीला वाडीकडे चालत येणारा मास्तर, शेवटी वाडी सोडून निघालेली माणसं. हे दोन ढीग समोरासमोर आले आणि मी पाच मिनिटं नुसती बघत राहिले. इतक्या वेळा वाचूनही हे माझ्या नजरेला असं आलं नव्हतं. मास्तर या वाडीला ज्या गोष्टी देतो त्या जागेवर रोवलेल्या असतात. वाडी ज्याच्यावर जगते ते चरत चरत पुढे जाणारं असतं.

हा झाला धागा. इथून विधान करता येतं. कच्चं विधान असं होईल : ‘मास्तर वाडीला शाळा आणि तालीम या स्थिर गोष्टींनी बांधू पाहतो, पण वाडी मेंढरांवर जगते, म्हणून ते बांधणं टिकत नाही.’ दुष्काळ आता कुठे गेला बघ. तो कुठेच गेला नाही, फक्त त्याचं काम बदललं. तो या दोन ढिगांमधला निकाल लावणारा झाला. बोटाच्या अलीकडची सगळी पानं आता तुझ्या निबंधात कामाला आली.

या कादंबरीचा राम देशमुखांनी इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा त्याला ‘गावाला भिंती नव्हत्या’ अशा अर्थाचं नाव दिलं. अनुवादकाला मूळ नाव तसंच ठेवता आलं असतं. त्यांनी ते बदललं, म्हणजे कादंबरी त्यांनी कशी वाचली ते शीर्षकातच सांगून टाकलं. भिंती हा शब्द तुझ्या पहिल्या ढिगातला आहे. हे नाव पुरावा म्हणून वापरू नकोस, तो दुसऱ्या वाचकाचा निर्णय आहे. पण आपण ओढलेला धागा अगदीच हवेतला नाही, एवढा धीर त्यातून मिळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि बहुतेक मुलं इथेच थांबतात. तुझ्या विधानाला न जुमानणारी पट्टी शोध. ती नक्की असते. या विधानाला आडवी येते ती तालीम. मास्तरनं बाहेरून आणलेली, वाडीला नको असलेली गोष्ट असती तर काम सोपं होतं. पण ती तर वाडीनं अंगमेहनतीनं उभी केली, तिच्यासाठी लोक झटले, औंधचा राजा आला तेव्हा वाडीला सण असल्यासारखं झालं. म्हणजे स्थिर गोष्ट वाडीनं नाकारली असं म्हणताच येत नाही. तिनं ती मनापासून आपलीशी केली.

अशा वेळी दोन मोह होतात. एक, ही पट्टी गुपचूप गादीखाली सारायची. दोन, घाबरून विधानच सोडून द्यायचं. दोन्ही करू नकोस. विधान थोडं वाकव. ‘लोकांनी स्वीकारलं नाही म्हणून टिकलं नाही’ हे सोपं होतं आणि चूक होतं. आता म्हण : ‘लोकांनी मनापासून स्वीकारूनही टिकलं नाही.’ किती फरक पडला बघ. पहिल्या वाक्यात कुणाला तरी दोष देता येत होता. दुसऱ्यात दोष द्यायला कुणी सापडत नाही, आणि म्हणूनच शेवटची पानं वाचताना घसा दाटतो. तुझ्या निबंधाची खरी जागा ही आहे. दोन हजारांतले पाचशे शब्द इथे खर्च झाले तरी चालतील.

राजाबद्दल एक बारीक सूचना, कारण दरवर्षी कुणी ना कुणी चुकतं. औंध म्हणजे सातारा जिल्ह्यातलं, औंध संस्थानचं. पुणे विद्यापीठापलीकडचं आपलं औंध नव्हे. माडगूळकरांचं माडगूळ गाव त्या संस्थानात होतं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन प्रचार केला होता, तेव्हा त्या मुलखात तालमीला मान होता हे लक्षात ठेव. निबंधात हे एका वाक्यात आलं तर पुरे, तेही तालमीच्या परिच्छेदात. 1948 साली संस्थान विलीन झालं, कादंबरी 1955 ची. म्हणजे कादंबरीतली वाडी संस्थानी काळातली आहे, हेही ध्यानात असू दे. याचा संबंध तुझ्या आजीशी आहे.

आजीनं 1972 मध्ये खडी फोडली. रोजगार हमीची कामं, सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, हे सगळं त्या दुष्काळाचं आहे. ते बनगरवाडीत शोधू नकोस आणि बनगरवाडीवर लादू नकोस. कादंबरी त्याच्या सतरा वर्षं आधी छापली गेली होती. छावणीही तशीच. ‘माझ्या आजीनेही असेच भोगले’ असं वाक्य लिहिलंस की वाचक आजीकडे बघू लागतो, वाडी बाजूला राहते. आजीचं भोगणं फार मोठं आहे, ते वेगळ्या लेखाच्या लायकीचं आहे. तो लेख तू लिहीच, आजी आहे तोवर तिला विचारून लिही. पण या निबंधात तिला साक्षीदार म्हणून उभी करू नकोस.

मग घरचं सगळं बाहेर ठेवायचं? नाही. आता तुझ्या त्या वाक्याकडे येते.

‘जगायला गेले.’ मी पुण्यात वाढले. आमच्याकडे गाव ओस पडलं म्हटलं की ते संपलं असंच डोळ्यांपुढे येतं. ‘बनगरवाडी’चा शेवट मी कायम तसा वाचला. वर्गातही तसाच शिकवला, एका वाडीचा अंत म्हणून. तू ज्या घरात वाढलीस तिथे गाव सोडण्याच्या क्रियेला लागलेला शब्द मरणाचा नाही, जगण्याचा आहे. तुझ्या भागातले धनगरांचे वाडे, म्हणजे एकत्र फिरणारी कुटुंबं, दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन पश्चिमेकडे निघतात, वाटेत शेतात मेंढरं बसवतात, खताच्या बदल्यात धान्य घेतात, पावसाच्या तोंडाशी परततात. भोरच्या रस्त्याला मी ते पाहिले आहेत, घोड्यावर संसार, वर बांधलेल्या कोंबड्या, एखादं तान्हं कोकरू झोळीत. त्यांच्यासाठी निघणं ही दरवर्षीची गोष्ट आहे. मग कादंबरीतलं शेवटचं निघणं कोणतं? दरवर्षीसारखं, परत येण्यासाठीचं? की यावेळी परतीची वाट तुटलेली आहे? लेखकानं कुठल्या खुणांनी ते आपल्याला सांगितलं? निघताना माणसं काय बरोबर घेतात, काय मागे टाकतात, मास्तरशी काय बोलतात, काय बोलत नाहीत? ही पानं पुन्हा वाच, या वेळी फक्त या प्रश्नांसाठी. ‘जगायला’ हा शब्द किंवा त्याच्या जवळपासचा कुठला शब्द तिथे येतो का, तोही बघ.

आणखी एक. हा शेवट आपल्याला सांगतो कोण? मास्तर. तो धनगर नाही. त्याचं काम शाळेतलं, त्याच्या पगाराला पटावर मुलं हवीत. वाडी रिकामी झाली हे त्याला अंत वाटणारच, कारण त्याच्या सगळ्या गोष्टी जागेवर रोवलेल्या होत्या. निघालेल्या धनगराला तेच दृश्य कसं दिसलं असेल? कादंबरी आपल्याला त्या माणसाच्या मनात नेत नाही, मास्तरच्या डोळ्यांपुरतंच दाखवते. हा प्रश्न मला चौतीस वर्षांत सुचला नाही. तुझ्या पत्रातल्या एका वाक्यानं सुचला. घरचा अनुभव असा आणायचा. तो पुरावा म्हणून कामाचा नाही, पण कुठे बघायचं ते तो दाखवतो. पुरावा मात्र पृष्ठ क्रमांकासह पुस्तकातूनच. ‘माणदेशात गाव सोडण्याला जगायला जाणे म्हणतात’ हे एक वाक्य निबंधात जरूर येऊ दे, शेवटून दुसऱ्या परिच्छेदाच्या तोंडाशी, आणि तिथून लगेच पुस्तकात शिर.

विधान आता तिसऱ्यांदा बदलेल. बदलू दे. माझा अंदाज, ते असं काहीसं होईल : ‘बनगरवाडी रोवलेल्या गोष्टींना मनापासून जागा देते, पण जगण्याची वेळ येते तेव्हा चालणाऱ्या गोष्टीच तिच्या कामी येतात, आणि मास्तरला हे सगळं अंतासारखं दिसतं कारण तो स्वतः रोवलेल्या बाजूचा आहे.’ हे माझं झालं. तुझं वेगळं निघालं तर मला आनंद होईल. पण एक कसोटी लाव : पुस्तक वाचलेल्या शहाण्या माणसाला त्यावर ‘मला नाही असं वाटत’ म्हणता आलं पाहिजे. ‘दुष्काळाचे हृदयद्रावक चित्रण केले आहे’ याला कोण नाही म्हणणार?

आराखडा याच्यानंतर. मथळे नकोत, वाक्यं लिही. प्रत्येक परिच्छेदासाठी एक पूर्ण वाक्य, सात किंवा आठ. मग ती वाक्यं एकाखाली एक वाच आणि दोन वाक्यांच्या मध्ये काय बसतं ते बघ. ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘शिवाय’ बसत असेल तर तिथे निबंध हलत नाही, नुसता लांबतो. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसलं पाहिजे. उदाहरणार्थ : मास्तर येतो तेव्हा शाळा आहे पण मुलं मेंढरांमागे आहेत. म्हणून त्याला आधी माणसं जोडावी लागतात, अक्षरं नंतर. माणसं जोडली जातात, पण ती शाळेमुळे नव्हे, तर तो त्यांच्या अडीअडचणीत पडतो म्हणून. म्हणून तालमीच्या वेळी वाडी एकदिलानं उभी राहते. पण पाऊस जातो… असं. वाक्य हाताला धरून पुढच्या वाक्याला ओढतं की नाही, हे मोठ्यानं वाचल्यावर लगेच कळतं. वसतिगृहात संकोच वाटत असेल तर गच्चीवर जा.

एक प्रसंग मात्र मी मुद्दाम सांगते, कारण तुझ्या टिपणांत तो ‘दारिद्र्य’ या शब्दाखाली गेला असण्याची मला भीती आहे. शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतःच्या खांद्यावर जू घेते, तो. हा दुष्काळाच्या आधीचा आहे. म्हणजे चांगल्या दिवसांतही त्या घरात एक बैल कमी होता. हा प्रसंग कुठल्या ढिगात जाईल? शेती ही तर रोवलेली गोष्ट. ती धरून ठेवायला त्या बाईला स्वतःचं अंग द्यावं लागलं. याच्यावर तू काय म्हणतेस, ते वाचायला मला आवडेल. मी याचं उत्तर देत नाही. हा परिच्छेद पूर्ण तुझा.

अवतरणं कमी आणि छोटी घे. एखाद्या वाक्यातले चारच शब्द तुझ्या वाक्यात बसव, आणि त्या चार शब्दांतला कुठला शब्द काम करतो ते सांग. अर्धं पान उतरवून खाली ‘यावरून दुष्काळाची दाहकता दिसते’ लिहिणं म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून ताट झाकून ठेवण्यासारखं आहे. ‘भाषाशैली’ हा कप्पा काढून टाकला तरी भाषा जाणार नाही, ती अशी प्रत्येक परिच्छेदात येईल.

लेखकपरिचय नको. माडगूळकर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर कितीतरी वर्षं होते, 1983 च्या अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, मला त्यांच्याबद्दल खूप काही सांगावंसं वाटतं. पण यातलं काहीही तुझ्या विधानाला टेकू देत नाही, म्हणून मन घट्ट करून वगळायचं. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिही. मी तर तुला सुचवीन की सुरुवात थेट त्या पहाटेच्या चालण्यानं कर. चालत आलेला माणूस रोवलेल्या गोष्टी घेऊन येतो, इथे तुझा अख्खा निबंध बीजासारखा बसला आहे.

तीन आठवडे पुरतात. पहिला आठवडा पट्ट्या आणि पुन्हा वाचन, त्यात लिहायचं काहीच नाही. दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सात वाक्यं पक्की कर आणि ती सरांना दाखव, निबंध लिहिण्याआधीच. सात वाक्यं वाचायला पाच मिनिटं लागतात, कुठलेही सर तेवढी देतात. उरलेले दिवस लिहायला.

प्रश्न : सहकारनगरच्या आमच्या वाचनकट्ट्यावर आम्ही आठ-दहा ज्येष्ठ मंडळी दर महिन्याला एका कादंबरीवर बोलतो. या वेळी मी लेखी टिपण करून आणायचं ठरलं आहे. माझा प्रश्न एवढाच : त्या कादंबरीवरची समीक्षा आधी वाचावी की आपलं लिहून झाल्यावर? आधी वाचली की तीच मतं पेनातून उतरतात. नंतर वाचली की आपलं लिहिलेलं फिकं वाटतं.

— एक निवृत्त अभियंता, सहकारनगर

उत्तर : दोन्ही त्रास खरे आहेत, मी दोन्ही भोगले आहेत. माझा तोडगा मधला आहे. स्वतःचं विधान आणि परिच्छेदांची वाक्यं लिहून झाली, पण निबंध लिहायला घेतला नाही, त्या टप्प्यावर समीक्षा वाचा. तेव्हा तुमच्याकडे उभं राहायला जागा असते, आणि बदलायला अजून उशीर झालेला नसतो. वरच्या विद्यार्थिनीनंही हेच करावं.

टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषदेचं ग्रंथालय आहे, नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे. तिथल्या माणसांना कादंबरीचं नाव सांगा आणि तिच्यावरचे लेख हवेत म्हणा, पुस्तकांच्या कपाटाआधी जुन्या नियतकालिकांच्या बांधणीकडे वळा. कादंबरी नवी असताना लिहिलेलं परीक्षण मिळालं तर ते आधी वाचा. त्या माणसाला पुढे काय गाजणार हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो पुस्तकाकडे तुमच्यासारखाच कोऱ्या नजरेनं बघत असतो.

वाचताना समीक्षकाशी जिथे तुमचं पटत नाही ती जागा लिहून घ्या, पटलेल्या जागा सोडून द्या. न पटलेल्या एका जागेवरून तुमच्या टिपणाचा चांगला परिच्छेद निघतो. आणि ज्यांचं मत घ्याल त्यांचं नाव घेऊन, त्यांच्याच शब्दांत घ्या. कट्ट्यावर कुणी तपासणार नाही हे खरं, तरीही घ्या.

टिपण चार पानांवर जाऊ देऊ नका. आठ-दहा जणांना बोलायचं असतं, आणि पाचव्या पानाला चहा येतो.